अमेरिकेतल्या मतदार याद्यांची सफाई: चूक होते कुणाची आणि निस्तरतो कोण

प्रश्न असा आहे: अमेरिकेत एक पक्ष म्हणतो आम्ही मतदार याद्या साफ करतोय, दुसरा म्हणतो सफाईच्या नावाखाली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मतदारांची नावं कापली जातायत. खरं काय? आणि ज्यांना नुकतंच तिथलं नागरिकत्व मिळालंय त्यांनी काळजी करावी का?

मी नावं-पत्ते जुळवण्याच्या धंद्यातला माणूस. दोन याद्या समोर घ्यायच्या आणि या यादीतला हा माणूस म्हणजे त्या यादीतला तोच का, हे ठरवायचं. हे काम मी वर्षानुवर्षं केलंय आणि त्यात तिथल्या मतदार याद्याही आल्या. त्यामुळे माझं उत्तर जुळवणीच्या बाजूने येईल. याद्या साफ कराव्याच लागतात. आणि साफ करताना ज्या चुका होतात त्या सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, म्हणूनच दोन्ही बाजूंना आपण बरोबर आहोत असं वाटतं. मला विचाराल तर भांडण तिसऱ्याच मुद्द्यावर व्हायला हवं: चूक झाली तर ती निस्तरायचं काम कुणाच्या गळ्यात पडतं, सरकारच्या की मतदाराच्या?

आधी याद्यांची अवस्था बघू. अमेरिकेत आपल्यासारखा सगळ्या देशाची यादी सांभाळणारा एक निवडणूक आयोग नाही. प्रत्येक राज्याची यादी वेगळी आणि रोजचं काम बहुतेक ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या, पातळीवर. माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की वीज-पाण्याचं बिल बंद करतो, टपालाचा पत्ता बदलतो, पण जुन्या गावच्या निवडणूक कार्यालयाला कळवायला कुणी जात नाही. २०१२ साली प्यू या संस्थेने हिशेब मांडला तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख नोंदी, म्हणजे दर आठातली एक, चुकीच्या किंवा कालबाह्य निघाल्या. मयत लोकांच्या सुमारे १८ लाख, एकाहून जास्त राज्यांत नाव असलेले साडेसत्तावीस लाख. हे आकडे घेऊन एक बाजू 'बघा, केवढा घोटाळा' म्हणून ओरडते. पण यादीत नाव पडून असणं आणि त्या नावावर मत पडणं यात फार मोठं अंतर आहे. त्या अहवालाने बोगस मतदानाचा नव्हे, तर जुनाट कारभाराचा पंचनामा केला होता. त्याच अहवालात हेही होतं की मतदानाला पात्र असूनही नाव न नोंदवलेले किमान ५ कोटी १० लाख लोक आहेत. तो भाग सोयीस्करपणे कुणी वाचत नाही.

कायदा १९९३चा. तो मुळात नोंदणी सोपी करायला आला. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीही करून घ्यायची, म्हणून 'मोटर व्होटर' हे त्याचं टोपणनाव. त्यातच सफाईचे नियम आहेत: मयत आणि स्थलांतरित मतदारांची नावं काढण्यासाठी राज्यांनी रास्त प्रयत्न केलेच पाहिजेत, मात्र केवळ मत दिलं नाही म्हणून कुणाचं नाव काढता येणार नाही. माणूस दुसरीकडे गेल्याचा संशय असेल तर त्याला नोटीस पाठवायची. तो उत्तर देत नसेल आणि पुढच्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत मतदानालाही आला नाही, तर नाव काढायचं. आणि निवडणुकीच्या आधीचे ९० दिवस सरसकट सफाई बंद. या ९० दिवसांमागचा विचार सरळ आहे: चूक झालीच तर ती दुरुस्त करायला माणसाला वेळ मिळावा.

आता यातली फट बघा. 'संशय' कशावरून घ्यायचा? ओहायो राज्याने ठरवलं, दोन वर्षं मत दिलं नाही की संशय आला, पाठवा नोटीस. म्हणजे जी गोष्ट नाव काढायला पुरेशी नाही असं कायदा म्हणतो, तीच सुरुवातीला आणून ठेवली. पूर्वी नौदलात असलेला एक मतदार यावर कोर्टात गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ओहायोच्या बाजूने निकाल दिला: नाव काढण्याचं कारण नोटिसीला उत्तर न देणं हे आहे, मत न देणं ही फक्त सुरुवात. या निकालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग न्यायमूर्ती ब्रेयर यांच्या विरोधी मतात आहे. २०१२ मध्ये ओहायोने सुमारे १५ लाख नोटिसा धाडल्या. 'हो, मी दुसरीकडे गेलोय' असं सांगणारी सुमारे ६० हजार कार्डं परत आली. 'नाही, मी इथेच आहे' असं सांगणारी सुमारे २ लाख ३५ हजार. आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी काहीच उत्तर दिलं नाही.

जुळवणीच्या धंद्यात असा निकाल आला तर चाचणीच फेकून द्यावी लागते. उत्तर देणाऱ्यांत दर पाचापैकी चौघं म्हणतायत की तुमचा संशय खोटा आहे. आणि उरलेल्या दहा लाखांच्या मौनाचा अर्थ राज्याने 'गेले असतील' असा लावला. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की रद्दीसोबत आलेलं ते कार्ड कुणी वाचलंच नाही. भाड्याच्या घरात राहणारे, एका पत्त्यावर तीन कुटुंबं असलेले, इंग्रजी सफाईने न वाचणारे, दोन पाळ्यांत काम करणारे, यांच्याकडून टपालाला उत्तर कमी येतं, आणि यांत कुठल्या समाजाचे लोक जास्त आहेत हे वेगळं सांगायला नको. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी आपल्या स्वतंत्र विरोधी मतात नेमकं यावरच बोट ठेवलं.

पुढे २०१९ मध्ये ओहायोने एक चांगली गोष्ट केली, ती सांगायलाच हवी. नावं काढण्याआधी सुमारे २ लाख ३५ हजार नावांची यादी राज्याने स्वयंसेवी संस्थांना तपासायला दिली. त्यात सुमारे ४० हजार नावं चुकीची निघाली. यादी आधी उघड केली म्हणून ती सापडली. नाहीतर मतदानाच्या दिवशी केंद्रावरच कळलं असतं.

आता माझ्या खास विषयाकडे येतो. दोन याद्या नाव आणि जन्मतारखेवर जुळवल्या की तोच माणूस सापडला, असं बहुतेकांना वाटतं. वाटणं साहजिक आहे, पण गणित वेगळं सांगतं. समजा मोठ्या राज्यात मारिया गार्सिया नावाच्या ५०० मतदार आहेत. त्यांच्या जन्मतारखा साठ वर्षांत पसरल्या आहेत असं धरा, म्हणजे सुमारे २२ हजार दिवस. ५०० बायकांच्या जोड्या होतात सव्वा लाखाच्या आसपास. भागाकार करा: पाच-सहा जोड्या अशा निघतील की नाव तेच, जन्माचा दिवस, महिना, साल तेच, आणि बाया वेगळ्या. हे एका नावाचं. काही आडनावं एखाद्या समाजात दाटीने असतात: लॅटिनोंमध्ये गार्सिया, रॉड्रिग्ज, व्हिएतनामींमध्ये न्गुयेन, कोरियनांमध्ये किम. वॉशिंग्टन आडनावाचे बहुसंख्य लोक तर कृष्णवर्णीयच आहेत. संगणकात कुणी वंशाचा रकाना न घालताही जुळवणीचा नियमच एका बाजूला कलतो तो असा.

कॅन्सस राज्याने चालवलेल्या 'क्रॉसचेक' या आंतरराज्य योजनेत नेमकं हेच झालं. पहिलं नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की दुबार मतदार. काही विद्यापीठांच्या संशोधकांनी ते तपासलं तेव्हा दिसलं की योजनेने सुचवलेल्या एका पद्धतीने नावं काढली असती, तर दुबार मतदानासाठी वापरलेल्या प्रत्येक एका नोंदीमागे योग्य मतदानासाठी वापरलेल्या सुमारे ३०० नोंदी उडाल्या असत्या. २०१९ मध्ये ती योजना थांबली.

फ्लोरिडाची दोन प्रकरणं तर या विषयात शिकवायला हवीत. २००० साली, शिक्षेमुळे मताधिकार गमावलेल्या गुन्हेगारांची नावं काढण्यासाठी खासगी कंपनीकडून यादी करून घेतली. आडनावातली ८० टक्के अक्षरं जुळली तरी पुरे, असा सैल नियम ठेवला. निरपराध माणसं त्यात सापडली, कृष्णवर्णीय त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाबाहेर. काही काउंटींनी तर ती यादी वापरायलाच नकार दिला. त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुश त्या राज्यात ५३७ मतांनी जिंकले. त्या यादीमुळेच निकाल फिरला असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करता येत नाही. पण फरक एवढा बारीक असताना असा नियम लावणं म्हणजे आगीशी खेळ.

२००४ साली त्यांनी नवी यादी केली आणि ती लपवून ठेवायचा प्रयत्न केला. कोर्टाने ती उघड करायला लावली. सुमारे ४८ हजार नावं, त्यात २२ हजारांहून जास्त कृष्णवर्णीय, आणि हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिनो, फक्त ६१. तेही फ्लोरिडात, जिथे हे लोक भरपूर! वर्तमानपत्रांनी ते पकडलं आणि काही दिवसांत यादी मागे घेतली गेली. कारण काय, तर जुळवणीत वंशही जुळायला हवा होता. मतदार यादीत 'हिस्पॅनिक' असा प्रकार होता. गुन्हेगारांच्या नोंदीत नव्हता, तिथे त्यांना श्वेतवर्णीय धरलेलं. त्यामुळे हिस्पॅनिक जुळलेच नाहीत. तिथले क्यूबन वंशाचे मतदार रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले, त्यामुळे हे मुद्दाम केलं अशी शंका येणं स्वाभाविक होतं. मला विचाराल तर ही दोन खात्यांच्या रकान्यांतली तफावत होती, आणि जुळवणीतल्या कुणीही ती दुपारच्या चहाआधी पकडली असती. ती पकडावी असं कुणाला वाटलं नाही, इतकंच.

हेतू होता का, हा प्रश्न लोक मला नेहमी विचारतात. कधी कधी होता, आणि तो उघड होता. लुईझियाना राज्यातल्या वॉशिंग्टन पॅरिशमध्ये (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) १९५०च्या दशकाच्या शेवटी वर्णद्वेषी सिटिझन्स कौन्सिलच्या लोकांनी नोंदणी कार्डांतल्या स्पेलिंगच्या आणि तत्सम बारीक चुका शोधून १,३०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नावं काढायला लावली. तशाच चुका गोऱ्यांच्या कार्डांतही होत्या. त्यांना हात लावला नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नावं परत घालावी लागली. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला जॉर्जियाचा 'तंतोतंत जुळणी'चा नियम वाचून काय वाटत असेल, याची कल्पना करा. २०१८ साली तिथे सुमारे ५३ हजार अर्ज अडकून पडले होते. नावातली एक संयोगरेषा, एक जागा, एक अक्षर लायसन्सच्या किंवा सोशल सिक्युरिटीच्या (केंद्राच्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या) नोंदीशी जुळलं नाही की अर्ज थांबला. त्यातले सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीयांचे. निवडणूक खात्याचे प्रमुख ब्रायन केंप स्वतःच त्या वर्षी गव्हर्नरपदाचे उमेदवार होते आणि सुमारे ५५ हजार मतांनी निवडून आले. राज्याचं म्हणणं होतं की ओळखपत्र दाखवून हे लोक मत देऊ शकत होते, आणि तेही खरं. केंप यांच्याकडून हरलेल्या उमेदवार स्टेसी अब्रॅम्स यांच्या संस्थेने खटला भरला. २०२२ साली तो त्या हरल्या. न्यायाधीश म्हणाले, पद्धत निर्दोष नाही, पण राज्यघटना किंवा मताधिकार कायद्याचा भंग सिद्ध झाला नाही. डाव्या बाजूचे लोक हे सांगायला विसरतात.

त्याच जॉर्जियात दुसरा एक मार्ग आहे, हरकतीचा. कुणीही मतदार काउंटीतल्या दुसऱ्या मतदारावर हरकत घेऊ शकतो. स्पार्टा नावाच्या लहानशा गावात २०१५ मध्ये महापौराच्या निवडणुकीआधी १८० हून अधिक कृष्णवर्णीयांवर अशा हरकती आल्या. हे गावातल्या मतदारांच्या सुमारे पाचवा हिस्सा. समन्स घेऊन दारात आला तो शेरीफचा गणवेशातला माणूस. ज्या गावात म्हाताऱ्यांना जुने दिवस आठवतात तिथे हे दृश्य काय करतं? नाव शेवटी राहिलं तरी पुढच्या वेळी माणूस मतदानाला जाताना दोनदा विचार करतो. २०२१ च्या कायद्याने एका माणसाने कितीही हरकती घ्याव्यात असं स्पष्टच केलं, आणि पुढच्याच वर्षी ग्विनेट काउंटीत सुमारे ३७ हजार हरकतींचे गठ्ठे येऊन पडले. बहुतेक फेटाळल्या गेल्या. पण ऐन निवडणुकीच्या तोंडावर कर्मचाऱ्यांचे आठवडे त्यात गेले ते गेलेच.

आकड्यांबद्दल एक गोष्ट. २०१६ ते २०१८ या काळात देशभर सुमारे १ कोटी ७० लाख नावं काढली, हा ब्रेनन सेंटर या मताधिकारावर काम करणाऱ्या संस्थेचा आकडा सतत फिरतो. त्यातले बहुतेक खरोखरच वारलेले किंवा गाव सोडून गेलेले असणार. तो सगळा आकडा मताधिकार दडपल्याचा पुरावा म्हणून वापरणं चूक आहे. त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे: वंशभेदाच्या इतिहासामुळे ज्या भागांना २०१३ पर्यंत निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागत असे, तिथे नावं काढण्याचा मध्यक (मीडियन) दर इतरांपेक्षा ४० टक्के जास्त होता. ती परवानगीची अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या 'शेल्बी काउंटी' निकालाने निकामी झाली.

आणि चुका वंशानुसार वाटल्या जातात का, याचं मला पटलेलं उत्तर विस्कॉन्सिनमधून आलं. तिथे २०१८ मध्ये गाव सोडल्याचा संशय असलेल्यांची वेगळी यादी मतदान केंद्रावर ठेवली होती, त्यामुळे संशय खोटा किती हे मोजता आलं. त्या यादीतल्या किमान ४ टक्के लोकांनी जुन्याच पत्त्यावरून मत दिलं, आणि अल्पसंख्याकांच्या बाबतीत हे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. इथे कुणाचा कपटी हेतू नव्हता, माहितीचा स्रोतही त्यातल्या त्यात चांगला होता. तरीही दुप्पट. म्हणून मी म्हणतो, हेतूच्या मागे लागू नका, चुकीचा दर मोजा.

आता नव्या नागरिकांचा प्रश्न. इथे काळजी करायला खरोखर जागा आहे. एक उदाहरण घेऊ. समजा सुनीता नावाची बाई ग्रीन कार्डवर असताना टेक्सासमध्ये लायसन्स काढते. लायसन्स खात्याच्या संगणकात तिच्यापुढे 'नागरिक नाही' अशी नोंद पडते. दोन वर्षांनी ती नागरिकत्वाची शपथ घेते आणि लगेच मतदार नोंदणी करते. लायसन्सची मुदत अजून बाकी, त्यामुळे त्या खात्यात ती पुन्हा पाऊलच टाकत नाही. संगणकाच्या मते ती अजून परदेशी. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासने असंच जुळवून सुमारे ९५ हजार संशयित जाहीर केले, त्यातल्या ५८ हजारांनी मत दिल्याचा दावा केला, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलनी घोटाळ्याचा इशारा देत ट्विट केलं. काही दिवसांत सुमारे २५ हजार नावं नव्या नागरिकांची म्हणून गळाली. कोर्टाने कान उपटले, एप्रिलमध्ये तडजोड झाली, आणि ते प्रकरण करणारे अधिकारी मे महिन्यात पायउतार झाले. पाच वर्षांनी अलाबामाने तीच चूक केली: कधीकाळी परदेशी म्हणून क्रमांक मिळालेले ३,२५१ मतदार निष्क्रिय केले, तेही निवडणूक ८४ दिवसांवर असताना. त्यातले किमान २ हजार खरे नागरिक निघाले आणि कोर्टाने ते थांबवलं. व्हर्जिनियाच्या सुमारे १,६०० नावांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी राज्याला ती काढायची मुभा दिली, कारण न सांगता.

परदेशी लोक मत देतात का? क्वचित. जॉर्जियाने २०२२ मध्ये पडताळणी केली तेव्हा २५ वर्षांत नोंदणीचा प्रयत्न करणारे १,६३४ सापडले, आणि त्यातलं कुणीही यादीत पोचलेलं नव्हतं. २०२४ मध्ये तिथल्या यादीतल्या ८२ लाख मतदारांत २० जण परदेशी निघाले. शून्य नाही, पण या वीसांसाठी किती खऱ्या नागरिकांना कागद घेऊन धावायला लावायचं, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

चांगली पद्धत उपलब्ध आहे, हे जास्त खटकतं. २०१२ साली सात राज्यांनी मिळून 'एरिक' नावाची व्यवस्था उभी केली. लायसन्स, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, टपाल खात्याचे पत्ताबदल, मृत्यूच्या नोंदी, सगळं एकत्र जुळवायचं, आणि सोबत अट अशी की नोंदणी न केलेल्या पात्र लोकांना पत्र पाठवून बोलवायचं. तिच्याबद्दल नाही नाही त्या वावड्या उठल्या आणि २०२२-२३ मध्ये नऊ राज्यं बाहेर पडली, फ्लोरिडा, ओहायो, टेक्सास आणि अलाबामा त्यात आहेत. याद्या साफ हव्यात म्हणणाऱ्यांनीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता भर आहे तो केंद्राच्या 'सेव्ह' या नागरिकत्व तपासणीवर. २०२५ पासून तिथे सोशल सिक्युरिटी क्रमांकावरूनही शोध घेता येतो. पण सोशल सिक्युरिटी खात्यातली नागरिकत्वाची नोंद माणसाने स्वतः जाऊन बदलली नाही तर जुनीच राहू शकते.

तेव्हा शपथविधी झाला की प्रमाणपत्र घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात जा आणि नोंद बदलून घ्या. मग लायसन्स खात्यात, मुदत संपायची वाट न बघता. आपल्या नावांचा घोळ वेगळाच असतो: पासपोर्टवर 'सुनीता राजाराम' हे सगळं पहिलं नाव, लायसन्सवर राजाराम मधलं नाव, आणि लग्नानंतर सासरचं नाव फक्त एकाच ठिकाणी. तिन्हीकडे अक्षरशः सारखं करून घ्या. ज्यांचं नागरिकत्व अजून झालेलं नाही त्यांनी लायसन्सचा फॉर्म भरताना मतदार नोंदणीच्या रकान्याला चुकूनही होकार देऊ नये. त्याची शिक्षा यादीतून नाव जाण्यापुरती नसते, थेट देशाबाहेर काढण्यापर्यंत जाते.

राज्याच्या संकेतस्थळावर आपलं नाव निवडणुकीच्या दोन महिने आधी तपासा, कारण काही राज्यांत नोंदणी ३० दिवस आधीच बंद होते. निवडणूक कार्यालयाचं कार्ड आलं तर त्याच दिवशी सही करून परत टाका. केंद्रावर नाव सापडलं नाही तर आधी विचारा की त्याच दिवशी नोंदणी होते का. वीसेक राज्यांत होते. होत नसेल तर तात्पुरती मतपत्रिका मागा. ती मागणं तुमचा हक्क आहे, २००२ च्या कायद्याने दिलेला. तिच्यासोबत माहितीचा कागद मिळतो. ते मत मोजलं का, आणि नसेल तर का नाही, हे त्यावरून फुकट विचारता येतं आणि राज्याला उत्तर द्यावं लागतं.